आफ्रिकेच्या कोळशातलं पान

माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला मी चोर ठरवलं. रागाच्या भरात नाही, कुणी कान भरले म्हणूनही नाही. साहेबांच्या टेबलावर पुरावा मांडून, शांतपणे, एकेक मुद्दा सांगत. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही आधीच सांगून टाकतो. आता लपवून काय करणार?

साल सत्त्याण्णव. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका रंगाई-छपाईच्या मिलमध्ये मी बॉयलर खात्यात क्लार्क होतो. अमळनेरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटलो आणि घरच्यांनी माझा नाद सोडला, तेव्हा लोटूदाजींनी मला सुरतेला आणलं. नवागामातल्या त्यांच्या एका खोलीत दोन वर्षं मी मंगलाताईच्या हातच्या भाकरी खाल्ल्या. नोकरीही त्यांनीच लावली. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले दाजी मॅनेजरसमोर हात जोडून म्हणाले होते, "साहेब, मना मेव्हना भलता शिकेल शे." सबंध मिलमध्ये कॉलेजची पायरी चढलेला मी एकटाच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. फायरमनशी बोलतानासुद्धा मी पाण्याला 'एच टू ओ' म्हणालेलो आहे. असा मी.

आमची मिल आधी चंद्रपूरकडचा कोळसा जाळायची. त्यात दगड फार. दगड भट्टीत गेला की वितळून जाळीवर चिकटतो, मग भट्टी थंड करा आणि पहारीनं फोडत बसा. म्हणून शेठनी आदल्या दिवाळीपासून दक्षिण आफ्रिकेचा कोळसा घ्यायला सुरुवात केली होती. बोट मगदल्ला बंदरासमोर समुद्रात उभी राहायची. तिच्यातून बार्जनं, म्हणजे सपाट तळाच्या पडावानं, कोळसा जेटीवर यायचा आणि जेटीवरून ट्रकनं सचिनला. माल महागाचा. वाटेत कुणी हात मारू नये म्हणून ट्रकबरोबर मिलचा एक भरवशाचा माणूस बसायचा. तो माणूस म्हणजे दाजी.

कोळसा भट्टीत जाण्याआधी त्यातले दगड वेचायला चार बायका होत्या. त्यांतली पार्वती चंद्रपूरजवळच्या घुग्गुसची. लग्नाआधी तिथल्या खाणीवर तिनं हेच काम केलेलं, तिच्या आईनंही. नवरा सुरतेत बांधकामावर आला म्हणून ती इकडे आली. तिची एक सवय होती. एखादा चपटा काळा दगड फुटून आत पानाचा ठसा दिसला, तर तो दगड ती कचऱ्यात टाकायची नाही. भिंतीच्या कडेला ओळीनं उभा करून ठेवायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माही माय सांगे, पानाले पाय लागू देऊ नोको. कोयशाच्या पोटातलं हाय ते." बाकीच्या बायका हसायच्या. मीही हसायचो. चंद्रपूरच्या कोळशातली अशी वीस-बावीस पानं त्या भिंतीशी उभी होती.

जानेवारीत एका दुपारी तिनं मला हाक मारली. हातात एक दगड होता, नुकताच फुटलेला, वहीसारखा उघडलेला.

"साहेब, हे पाहा. आमच्या घुग्गुसचं पान. आपल्याच कोयशातलं हाय ना?"

ती बिचारी माहेरचं माणूस भेटल्यासारखी हसत होती. मी मात्र ती कुठल्या ढिगाशी उभी आहे ते पाहत होतो. तो ढीग आफ्रिकेच्या कोळशाचा होता.

मी भिंतीशी गेलो, तिथला एक दगड उचलला आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. लांबट, जिभेच्या आकाराचं पान. मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी. तीच ठेवण, तीच लांबी, जाळीची घरंसुद्धा तशीच. एकाच झाडाची पानं, यात आंधळ्यालाही शंका आली नसती. आफ्रिकेच्या कोळशात चंद्रपूरचं पान! कुणीतरी वाटेत महागाचा कोळसा काढून घेतला होता आणि वजन भरून काढायला आपल्याकडचा कोळसा त्यात ओतला होता. तो ढीग शनिवारच्या तीन ट्रकांचा होता. आणि शनिवारी त्यांतल्या एका ट्रकचा स्प्रिंगचा पाटा वाटेतल्या गभेणीजवळ तुटला होता. तिन्ही ट्रक अडीच तास रस्त्याच्या कडेला उभे होते. बरोबर कोण होतं? दाजी.

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. निदान संध्याकाळी नवागामला जाऊन दाजींना चहाच्या कपावर विचारायला हवं होतं. पण मला हा शोध माझा हवा होता. नात्यागोत्यापेक्षा सत्य मोठं, असं काहीतरी डोक्यात घुमत होतं. दोन्ही दगड रुमालात बांधून मी थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

मॅनेजर मूळ सुरतचाच, रागीट नव्हता. त्यानं दोन्ही पानं खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"गजेंद्रभाई, लोटू तो तमारो बनेवी ने?"

"हो साहेब, माझेच दाजी. म्हणूनच मीच सांगायला आलो."

काय वाक्य होतं! आजही आठवलं की कानशील गरम होतं.

दाजींना बोलावलं. ते अंगावरची कोळशाची भुकटी झटकत आले. आधी माझ्याकडे बघून हसले, मला काही बढती मिळाली असेल असं त्यांना वाटलं असावं. मॅनेजरनं दगड पुढे सरकवले, मी सगळं समजावून सांगितलं. दाजी पानांकडे बघत राहिले.

"मी गाडीजवळथीन हालनूच नही, साहेब," ते म्हणाले. "तठेच झाडखाले बठेल व्हतू."

"अडीच तास?" मी विचारलं. मी! "मग हे पान कसं आलं, दाजी? पान काही समुद्र पोहून येत नाही."

पार्वतीला बोलावलं. मी तिला एकच प्रश्न विचारला, "हे पान तुमच्या घुग्गुसचंच ना?"

"हो," ती म्हणाली. "शंभर टक्के आमचं."

दाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पानाकडे. मग हळूच खाली बसले, जमिनीवर, टेबलाच्या पायाशी. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावरून काढलं. पोलिसात दिलं नाही, हे मॅनेजरचे उपकार असं मी मंगलाताईला सांगायला गेलो, तर तिनं दार लावून घेतलं. सचिन-उधन्याच्या मिलांमध्ये अशी बातमी फिरायला वेळ लागत नाही. महिन्याभरानं कानावर आलं की दाजी चलथाणच्या कारखान्यावर उसाच्या गाड्या खाली करतात. वयाच्या पन्नाशीत. मला वाईट वाटलं, पण माझं चुकलं असं एकदाही वाटलं नाही.

मे महिन्यात पुढची बोट आली. आता ट्रकबरोबर जायला भरवशाचा माणूस म्हणून मॅनेजरनं मला पाठवलं.

मगदल्ल्याच्या जेटीवर बार्ज लागलेली होती. क्रेनचा पंजा बार्जमधून कोळसा उचलून काठावर ओतत होता. पुढे ट्रक भरत होते. ऊन मरणाचं. मी डोक्याला रुमाल बांधून ढिगाजवळ उभा होतो. पंज्यातून एक मोठा चपटा दगड निसटून सिमेंटवर आपटला आणि माझ्या पायाशी दोन फाका होऊन पडला.

आत पान होतं.

मी ते उचललं नाही. उचलवलंच नाही. लांबट, जिभेच्या आकाराचं, मधोमध ठसठशीत शीर. बार्ज माझ्यासमोर होती. बार्जच्या पलीकडे पाणी होतं आणि पाण्याच्या पलीकडे धुरकट दिसणारी बोट. हा कोळसा अजून एकाही ट्रकमध्ये चढला नव्हता. बोटीपर्यंत दाजी कधी पोचणार होते? पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ते मी पुस्तकात पुष्कळ वेळा वाचलं होतं. त्या दिवशी मी खरोखर ट्रकच्या फाळक्याला हात टेकून उभा राहिलो.

जेटीवर कोळशाचे नमुने घेणाऱ्या कंपनीचा एक मुलगा होता, पंचविशीचा, वैभव नावाचा, नागपूरचा. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलेला. मराठी ऐकून सकाळीच ओळख झाली होती. तो पिशवीत नमुने भरत होता. मी त्याचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच आणला.

"हे काय आहे?"

त्यानं दगड उचलला, फुंकर मारली आणि खूश झाला. "वा! छान आलंय. ग्लोसोप्टेरिस."

"हे चंद्रपूरच्या कोळशात असतं."

"असतंच की. आपल्याकडे वर्धेच्या खोऱ्यात ढिगानं."

"मग ते बोटीत कसं आलं? बोटीवरच भेसळ करतात?"

तो हसला. मला वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. "अहो, भेसळ कसली? हे झाड आफ्रिकेतही होतं. ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत, अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या कोळशातसुद्धा हेच पान सापडतं. तेव्हा हे सगळे देश एकमेकांना लागून होते. एकच मोठी जमीन होती."

माणूस बुडताना हाताला येईल ते धरतो. मी वाद धरला. कारण त्याचं खरं असेल तर दाजी सुटत होते आणि मी अडकत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी दाजी सुटावेत असं मला वाटत नव्हतं. त्याचं खोटं निघावं, एवढंच वाटत होतं.

"बी समुद्रातून वाहत गेलं असेल," मी म्हणालो.

"वाऱ्यावर किंवा पाण्यावर एवढा महासागर ओलांडण्यासारखं हलकं बी नव्हतं त्याचं."

"एक झाड सारखं निघालं म्हणून काय झालं? आंबा इथंही असतो, तिथंही असतो."

"आंबा माणसानं नेला. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी कोण माणूस होता?" वैभव आता रंगात आला होता. "आणि एकटं पान नाही. डुकराएवढा, दोन सुळ्यांचा एक सरपटणारा प्राणी होता. त्याची हाडं आफ्रिकेत मिळतात, आपल्याकडे दामोदरच्या खोऱ्यात मिळतात आणि अंटार्क्टिकातही मिळतात. तो पोहत गेला?"

मी डोक्याचा रुमाल सोडून घाम पुसला.

"बरं, प्राणी सोडा. कोळशाच्या थराखाली काय असतं माहीत आहे? बर्फानं घासून आणलेले धोंडे. तुमच्या चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या काठी इरई म्हणून गाव आहे. तिथं खडकावर हिमनदीनं ओढलेले ओरखडे आहेत. मी स्वतः हात फिरवलाय. एवढ्या उन्हाच्या मुलखात हिमनदी! आणि असेच ओरखडे आफ्रिकेत, कोळशाच्या खाली. आधी बर्फाचे धोंडे, त्यावर या पानांचा कोळसा. तिथंही तोच क्रम, इथंही तोच. फाटलेल्या धोतराचे दोन तुकडे जुळवायचे तर नुसती किनार बघून भागत नाही, वीणही जुळावी लागते. इथं वीणच जुळते."

"मग फाटलं कसं? जमीन काय होडी आहे?"

"जमीन सरकते. अजूनही. वर्षाला दोन-तीन बोटं. आपला तुकडा तिथून सुटला, उत्तरेकडे सरकत आला आणि आशियाला धडकला. त्या धडकेनं हिमालय वर आला." त्यानं दगड माझ्या हातात दिला. "त्या सगळ्या जुन्या जमिनीला नाव काय दिलंय, माहीत आहे ना तुम्हाला? आपल्याच गोंडांच्या मुलखावरून..."

"गोंडवन," मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. कारण मला हे माहीत होतं! गोंडवनभूमी म्हणजे काय, दोन ओळींत लिहा, दोन गुण. मी लिहिलं होतं. दोनपैकी दोन मिळाले होते. 'आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया इत्यादी भूभाग पूर्वी एकत्र होते. त्यांच्या खडकांत एकाच प्रकारच्या वनस्पतींचे अवशेष आढळतात.' अक्षरन् अक्षर आठवलं. घोकलं, लिहिलं, मार्क घेतले आणि विसरलो. त्या ओळीतली वनस्पती माझ्या हातात आली, तेव्हा मी ती माझ्या दाजीच्या तोंडावर फेकली. पढतमूर्ख म्हणतात तो मी.

मिलमध्ये परत आल्यावर आधी पार्वतीला गाठलं.

"पार्वती, ते पान फक्त त्या शनिवारच्या ढिगातच निघालं होतं ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नाई साहेब. बोटीचा कोयसा सुरू झाला तवापासून निंगते. कमी निंगते, पण सगळ्याच ढिगात निंगते. त्या दिवशी अख्खं निंगालं म्हणून तुमाले दाखोलं."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तुमी पुसलं का? तुमी पुसलं, पान आमचं हाय का. ते तर आमचंच हाय."

तिचं एक अक्षर खोटं नव्हतं. भिंतीशी जाऊन पाहिलं तर नवी सहा-सात पानं जुन्या ओळीतच उभी होती. चार महिने मी रोज त्या भिंतीजवळून जात होतो.

मॅनेजरच्या टेबलावर मी जेटीवरचा दगड ठेवला आणि सगळं सांगितलं. बर्फ, पान, सुळ्यांचा प्राणी, गोंडवन. घाम पुसत, अडखळत. तो आधी हसला, मग गंभीर झाला, मग त्यानं मला पाणी पाजलं. मला ऊन लागलं असावं असं त्याला वाटलं.

"गजेंद्रभाई, चंद्रपूर आणि आफ्रिका एकच होते. असं?"

"हो साहेब."

"आणि लोटूला सोडवायला तुम्ही आता एवढं मोठं सांगता."

"साहेब, विज्ञान आहे. पुस्तकात आहे. सॅम्पल कंपनीचा माणूस सांगेल."

"अरे, मानलं. तुमची आखी दुनिया एक होती, मानलं." त्यानं खण उघडला आणि एक घडी घातलेला कागद काढला. "पण लोटूए पोते लखी आप्युं छे, तेनुं शुं?"

दाजींनी स्वतः लिहून दिलेलं? मी कागद उलगडला. अक्षर भाचीचं, सुषमाचं, आठवीतल्या पोरीचं गोल अक्षर. खाली दाजींची वाकडी सही.

'साहेब, मी चोरी केलेली नाही. पण गभेणीजवळ गाडी बंद होती तेव्हा झाडाखाली माझा डोळा लागला असेल. मला आठवत नाही. पण पान खोटं बोलणार नाही. माझा मेहुणा शिकलेला आहे, तोही खोटं बोलणार नाही. तेव्हा मीच झोपलो असेन. माझ्या झोपेमुळे मिलचं नुकसान झालं, त्याची माफी मागतो.'

काढून टाकल्यावर आठ दिवसांनी दाजी स्वतः येऊन हा कागद देऊन गेले होते. नोकरी परत मागितली नव्हती. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

त्या कागदानं मला जो धक्का बसला, तो जेटीवरच्या पानानंही बसला नव्हता. मला वाटत होतं, दाजी मला शिव्या घालत असतील. खोटारडा, कृतघ्न म्हणत असतील. म्हणायला हवं होतं! त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला नाही आणि माझ्यावर ठेवला.

तसाच निघालो. टेम्पो, मग शटल रिक्षा, मग चालत. नवागामला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. मंगलाताई दारात तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"काब्र उना रे? आखो काही पुरावा लयना का?"

"आणखी पुरावा नाही, ताई. दाजी आहेत?"

"शेत ना. ऊसना हंगाम सरना, जातीन कोठे?" ती उठली नाही, पण दारही लावलं नाही. तिचा आवाज एकदम खाली आला. "गजू, चार महिना व्हयनात, हाऊ माणूस झोपस नही. पाठ टेकीसन पडत नही. डोळा लागना का दचकीसन उठस, माले इचारस, मी कितला येळ झोपेल व्हतू? कारखानावाला वॉचमन ठेवाले तयार व्हतात, बसानं काम. हाऊच नही म्हने. म्हने, मना भरोसा नही, माले समजत नही मी कवय झोपस ते. पोरगीले सायकलवर बसाडत नही. स्टोव्हजोडे उभा ऱ्हात नही."

मी आत गेलो. दाजी खाटेच्या कडेला ताठ बसले होते, भिंतीला पाठ न टेकवता. डोळे खोल गेलेले, लाल. मला बघून त्यांनी घाईघाईनं शेजारची जागा हातानं पुसली.

"ये गजू. बस. पानी देवो व याले."

मी बसलो नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकले आणि सांगायला लागलो. येताना मनात काय काय जुळवलं होतं. मॅनेजरला पुन्हा भेटू, त्या वैभवला मिलमध्ये आणू, तुमची नोकरी परत मिळवून देऊ, नाही मिळाली तर मीही सोडतो. त्यातलं काहीच नीट आलं नाही. नुसतं पान सांगितलं. पान बोटीतूनच आलं, दाजी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते झाड तिथंही होतं आणि इथंही होतं, कारण तिथलं आणि इथलं पूर्वी एकच होतं. जमीन नंतर फाटली आणि सरकली. गाडीत कुणी काही टाकलं नव्हतं. कुणी काही काढलं नव्हतं.

मला वाटलं, ते विचारतील, असं कसं होईल? जमीन कशी सरकेल? मी त्यावर इतका वेळ भांडलो होतो. मॅनेजर हसला होता. दाजींनी जमिनीबद्दल एक शब्द विचारला नाही.

"मंग गाडीमा कोनीच हात घाला नव्हता?"

"नाही."

"मंजे..." ते खाटेवरून पुढे वाकले. "मंजे मी झोपेल नव्हतू?"

"नाही दाजी. तुम्ही जागेच होतात."

"सारा टाईम?"

"सगळा वेळ."

त्यांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की दुखलं. "माले याद व्हतं रे," ते म्हणाले. "माले बठ्ठं याद व्हतं. एक म्हैस उनी, टायरजोडे उभी ऱ्हायनी. तिले मी हाकली. डायवरनी दोनदाव बिडी मांगी. मी म्हनू, इतलं याद शे, ते मी झोपनू कवय? पन तू म्हना ना..."

पन्नाशीचा माणूस तोंडावर पंजा धरून हुंदके द्यायला लागला. मंगलाताई धावत आत आली. तिला वाटलं, मी आणखी काही केलं. दाजींनी तोंडावरचा हात काढला आणि रडत रडतच तिला सांगितलं.

"मंगला, आयक व. मी जागा व्हतू. गजू सांगस, मी जागा व्हतू."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आखो एकदाव सांग. तिले सांग."

मी पुन्हा सांगितलं.